धोंड्याचा महिना कुणाकडे?

विहिरीवरची मोटारखोली, लासुर्णे
जुलै १९९६

प्रिय छकुली,

पत्र ‘आम्ही सर्व खुशाल’ने सुरू करायची माझी सवय तुला ठाऊक आहे. आजही तेच लिहायला घेतलं आणि पहिल्याच शब्दावर अडलो. ‘आम्ही’ म्हणजे नक्की कोण, हे ठरेना. ‘सर्व’ म्हणजे किती, तेही ठरेना. खुशालीचं तर सोडूनच दे. तेव्हा या वेळेपुरती ती ओळ वगळली आहे, राग मानू नकोस.

वरचा पत्ता वाचून तू म्हणशील, म्हातारा चळला. चळलो नाही. मी आणि तुझी आई सध्या विहिरीवरच्या मोटारखोलीत राहतो आहोत. दादासोकडे वस्तीवर नाही आणि शंभूराजकडे बारामतीलाही नाही. हा धोंडा येत्या अमावास्येला संपतो. दुसऱ्या दिवशी तुझे दोघे भाऊ येणार, धाकटा तिला बारामतीला नेणार आणि थोरला मला वस्तीवर. त्यांच्याबरोबर जायचं की नाही हे तोवर ठरवायला हवं, आणि मला काही म्हणजे काही उमगत नाही. सकाळी एक वाटतं, दुपारी दुसरं. तुला लिहायला बसलो ते एवढ्यासाठीच असं नाही, पण ते ओघानं येईल.

आमची पाळी कशी लागली हे तुला वरवर माहीत आहे. त्र्याण्णवच्या दिवाळीत भावकी बसवून घर वेगळं झालं, तेव्हा शेताची वाटणी पटकन झाली. आमच्या दोघांच्या वाटणीला वेळ लागला. शंभूच्या दोन खोल्या, त्यात त्याची कंपनीतली पाळी, दिवसा झोपायचं, रात्री कामाला जायचं. दोन म्हातारी एकदम मावायची नाहीत. दादासोकडे जागा आहे, पण त्याच्या बायकोची, रतनची आई गोजरबाई त्याच्याकडेच आहे. तिला मुलगा नाही, ती जाणार कुठं? म्हणून असं ठरलं की एकेका घरी एकेकच म्हातारं राहील. चैत्रात तुझी आई लासुर्ण्याला, मी बारामतीला. वैशाखात उलट. ज्येष्ठात पुन्हा सुलट. अमावास्या झाली की दुसऱ्या दिवशी दादासो एकाला एसटीने बारामतीला आणायचा आणि दुसऱ्याला घेऊन जायचा. अंथरूण मात्र जिथल्या तिथंच ठेवायचं, म्हणजे वळकटी काखेत मारून एसटीत चढलेलं दिसलं की ‘कुठं निघालात आबा?’ असं कुणी विचारायला नको. सगळ्यांनी माना डोलावल्या. मीही डोलावली. खरं सांगतो, त्या दिवशी मला ते फार शहाणपणाचं वाटलं होतं.

तेव्हापासून मी आणि तुझी आई भेटायचो ते बारामतीच्या स्टँडवर. लासुर्ण्याची गाडी येईपर्यंत बाकावर बसायचं, एकेक चहा घ्यायचा. ती पिशवीतून माझ्या गोळ्या काढून द्यायची आणि कुठली सकाळची, कुठली रात्रीची हे सांगायची. मी तिला विचारायचो, रतन बरी वागते का. ती मला विचारायची, धाकटी सून बरी वागते का. दोघंही ‘बरी वागते’ म्हणायचो. एवढ्यात दादासो हाक मारायचा. लग्नाआधी आम्ही एकमेकांना पाहिलंही नव्हतं, आणि म्हातारपणी असं चोरून भेटल्यासारखं भेटत होतो. पहिल्या पहिल्यांदा मला हसू यायचं. मग ते यायचं थांबलं.

आता धोंड्याची गंमत ऐक. पाळी लावताना सगळ्यांनी महिने मोजले ते मराठी, पेरणी-काढणी ज्यावर चालते ते. पण धोंडा त्याच वर्षी नुकताच होऊन गेला होता. त्यामुळे तीन वर्षांनी तो पुन्हा येणार हे एकाच्याही डोक्यात आलं नाही. मी कारखान्याच्या वजनकाट्यावर मोजण्यात जन्म घालवला, माझ्याही नाही. तर या ज्येष्ठातली अमावास्या झाली, ठरल्याप्रमाणे दादासो तुझ्या आईला घेऊन स्टँडवर आला, शंभू बायकोसोबत मला घेऊन आला, आणि ती म्हणाली की हा महिना तर अधिक आहे. दादासो म्हणाला, “खरा आषाढ अजून लागलाच न्हाय. म्हंजी ज्येष्ठाचंच पुढं चालू. आई माझ्याकडंच ऱ्हाणार.” शंभू म्हणाला, “नाव आषाढाचं हाय ना? मग आई माझ्याकडं.” झालं. दोघं भर स्टँडवर पंचांग सांगायला लागले, जन्मात कधी उघडलेलं नसताना.

मी बाकावर बसून ऐकत होतो आणि हळूहळू माझ्या लक्षात आलं, की भांडण आईवरून आहे. दोघांनाही आई हवी आहे. मला दोघंही एकमेकांकडे ढकलताहेत. यात त्यांचं फार चुकलं असंही मला म्हणवत नाही. तुझी आई ज्या घरात असते तिथं गोजरबाईचं अंग पुसलं जातं, धाकटीचं लेकरू सांभाळलं जातं, धान्य निवडून होतं. मी असलो की काय होतं? रॉकेलच्या रांगेत उभा राहतो, तेही हल्ली नंबर दिसत नाही म्हणून मागचा माणूस पुढे ढकलतो. माझ्या लहानपणी आपली मेंढरं होती तेव्हा माझी आजी पार वाकलेली, पण मेंढवाड्यावरची कोकरं तिच्याकडे असायची. मेंढरं चरायला गेली की दिवसभर कोकरं आजीभोवती. तिला कुणी सांभाळतंय असं कधी वाटलं नाही, तिलाही आणि आम्हालाही. मला राखायला कोकरू नाही, एवढाच काय तो फरक. हे असं बाकावर बसून मनात चाललं होतं, आणि फार वाईट वाटत होतं, खोटं कशाला बोलू.

एवढ्यात तुझी आई उठली. तू तिला ओळखतेस, चार लोकांत तोंड उघडणारी बाई नव्हे. पिशवी उचलली, पदर खोचला आणि म्हणाली, “धोंडा कुणाच्याच वाटणीत न्हाय न्हवं? मग त्यो आमचा.” आणि लासुर्ण्यावरून जाणाऱ्या इंदापूरच्या गाडीत जाऊन बसलीसुद्धा. मी शंभूकडे पाहिलं, दादासोकडे पाहिलं. मग म्हातारपणी पहिल्यांदाच चालत्या गाडीत चढलो. कंडक्टरने शिव्या घातल्या, त्या गोड लागल्या.

विहिरीकडचा तुकडा अजून माझ्याच नावावर आहे, त्यामुळे मोटारखोलीतून आम्हाला कुणी उठवू शकत नाही. खोली केवढी ते तू पाहिलंयस. एका भिंतीला स्टार्टर, खाली पाइपांची अडगळ. तुझ्या आईने ती बाहेर काढली, शेणानं सारवलं, तीन दगड मांडले. भांडी युनूसच्या घरून आली. कारखान्यावर ऊस आणायचा तो ट्रॅक्टरवाला युनूस, आता स्वतःचा टेम्पो चालवतो. त्याच्या बायकोने, मेहबूबबीने पातेली, तवा, परात असं सगळं दिलं आणि वर म्हणाली, “भाभी, नवा संसार मांडला व्हय?” तुझी आई लाजली. माझ्या देखत लाजली, छकुली. दादासो संध्याकाळी येऊन बांधावर उभा राहिला. लोक काय म्हणतील, आमच्या तोंडाला काळं फासता, असं बरंच बोलला आणि जाताना दुधाची कासंडी ठेवून गेला.

मला वाटलं होतं, आता आम्ही सुखात राहू. तिथंच तर माझा सगळा गोंधळ उडाला. आम्हाला एकत्र राहताच येईना. मी बारामतीच्या नळाच्या वेळेला उठतो, ती वस्तीवरच्या धारेच्या वेळेला. ती मला बिनसाखरेचा चहा देते, कारण रतनकडे तसाच करतात. मला शंभूकडे साखरेची सवय लागलेली. मी बोलत बसतो आणि ती उत्तरच देत नाही. दोन-चार दिवस मी मनातून चिडलो. म्हटलं, हिला मुलांकडेच बरं वाटत होतं की काय, उगाच हट्टाने आली. मग एकदा आम्ही दोघं भिंतीला टेकून बसलो होतो आणि लाइट आल्याबरोबर मोटार सुरू झाली. स्टार्टरचा खटका असा बसला की मी दचकलो. तो तिच्या डाव्या कानाशी होता, पण ती शांतपणे लसूण सोलत राहिली. मी डाव्या बाजूने तिला हाक मारली. पुन्हा मारली. मग उठून उजवीकडे गेलो आणि हळूच म्हणालो, ‘भागू’. तिने लगेच वर पाहिलं.

डावा कान गेल्या दिवाळीपासून गेला आहे म्हणे. मी म्हटलं, अगं सांगितलं का नाहीस कुणाला? तर म्हणाली, “कुणाला सांगू? सांगावं म्हणस्तवर पाळी बदलायची.” दादासोला वाटायचं, बारामतीला डॉक्टर जवळ आहेत, शंभू दाखवील. शंभूला वाटायचं, महिनाभरासाठी आलेली आई, घरचा डॉक्टर दादाकडे असेल. मला हसावं की रडावं कळेना, कारण माझ्या डोळ्याचं नेमकं तेच झालंय. एका डोळ्याचा मोतीबिंदू शिबिरात निघाला, दुसरा या दोन घरांच्या मध्ये अडकून पडलाय. एकमेकांना स्टँडवर महिन्याच्या महिन्याला भेटणारी आम्ही माणसं, मला तिचा कान कळला नाही आणि तिला माझा डोळा. चांगली शिकलेली, कामाची, निर्व्यसनी मुलं आहेत गं आपली. मग हे असं कसं होतं? मला खरंच कळत नाही. कुणावर रागवायचं ते तरी कळलं असतं तर बरं झालं असतं.

आणि हे फक्त आपल्याकडे आहे असंही नाही. सकाळी वस्तीवरचं दूध डेअरीवर घालायला जातो, तर रांगेत सगळे माझ्याच वयाचे. तरणी पोरं भोसरीला, चिंचवडला. आबाजी पाटलाचे तिघं तिकडे, आणि म्हातारा एकटा दोन म्हशी राखतो. म्हशी विकल्या तर तो दिवसभर काय करील म्हणून मुलं विकू देत नाहीत, आणि तो म्हणतो, माझ्याच्यानं धार निघत नाही रे, कुणीतरी विका. त्या दिवशी कुणीतरी म्हणालं, पूर्वी माणसं वेळेवर जायची, आता या गोळ्यांनी घोटाळा केला. सगळे हसले. मीही हसलो. घरी येऊन तुझ्या आईने काढून ठेवलेली गोळी निमूट घेतली.

आता जे लिहितो ते वाचून घाबरू नकोस. परवा तुझी आई पाटावरून कळशी घेऊन येताना घसरली. मी धावलो, म्हणजे मला वाटलं मी धावलो, आणि तिला उठवायला वाकलो तो मीही बसलो. दोघांनाही उठता येईना. ती आधी हसायला लागली, म्हणाली, “धुण्याच्या गाठोड्यावाणी दिसताय.” मी पण हसलो. मग हसता हसता मला असं रडू फुटलं की तीच माझे डोळे पुसायला लागली, चिखलाच्या हाताने. वस्तीवरून रतनने पाहिलं आणि ती पळत आली. दोघांना उठवलं, आईचा घोटा चोळला, मोडलंबिडलं काही नाही हे पाहिलं, आणि मग माझ्यावर बरसली. “मामंजी, ह्यो हट्ट कुणासाठी चाललाय? उद्या काय झालं तर लोक मलाच धरत्याली.” तिचं बरोबरच आहे. बोलून झाल्यावर ती पाटाच्या कडेला मटकन बसली आणि म्हणाली, घरात आई अंथरुणाला, शेतात खुरपणी तोंडावर, आत्याबाई असल्या की मला आधार वाटतो, म्हणून हे स्टँडवर भांडले. त्यांना राबवायला नाही हो भांडले. तीही रडली. तिघं तिथं चिखलात बसून रडत होतो, कुणी पाहिलं असतं तर म्हणालं असतं, कोण गेलं? दुसऱ्या दिवशी सकाळी रतनने तुझ्या आईचं अंथरूण वस्तीवरून इथं आणून ठेवलं. त्याचा अर्थ काय घ्यायचा यावर मी दिवसभर विचार केला. तुझी आई म्हणाली, त्यात अर्थ कसला, गादी हाय ती.

तेव्हापासून माझं डोकं असं झालंय. राहावं तर उद्या विहिरीच्या काठावर कोण पडेल सांगता येत नाही. जावं तर पुन्हा स्टँड, बाक, चहा आणि ‘बरी वागते’. शंभूच्या लेकराचीही आठवण येते, माझ्या मिशा ओढल्याशिवाय ते झोपत नाही. म्हणजे मला तिथंही जायचंय आणि इथूनही हलायचं नाही. या वयात माणसाला काय हवं ते तरी स्पष्ट कळायला हवं की नाही? मागच्या पत्रात तू लिहिलंस, दोघं फलटणला माझ्याकडे या. जावईबापूंनीही खाली दोन ओळी लिहिल्या होत्या. ते वाचून मी तुझ्या आईकडे पाहिलं. लेकीच्या घरचं पाणीही न पिणारी बाई ती. पण ते पत्र तिने स्टार्टरच्या पेटीवर ठेवलंय, मोटार सुरू झाली की पडू नये म्हणून वर दगड ठेवून. तिच्या मनात काय आहे तेही मला धड सांगता येत नाही.

आता ओघानं येणारं ते आलं. काल युनूस फलटणहून कांदा टाकून परतला आणि सरळ इथं आला. म्हणाला, बाजारात छकुली भेटली होती, विचारत होती, “चाचा, म्हायेरचं काय बोलावणं हाय का?” तुझी आई चुलीपुढं उजवा कान इकडे करून बसली होती. तिने भाकरी तव्यावरच ठेवली. धोंडा सरत आला, गावोगाव लेकी-जावई धोंडे खाऊन परत गेले, आणि आपल्या लेकीला कुणी बोलावलंच नाही. दादासो म्हणाला असेल, आई-आबांकडून जाईल. शंभू म्हणाला असेल, दादा करेल. आणि आई-आबा कुणाकडे हेच ठरलेलं नव्हतं. सासरी तुला चार बोल ऐकावे लागले असतील. तू ते कधी लिहिणार नाहीस. भाकरी करपली तेव्हा ती म्हणाली, “लिव्हा तिला.” मी म्हटलं, कुठं बोलावू? वस्तीवर की बारामतीला? तर म्हणाली, “हितं बोलवा. लेक-जावई हितं जेवून गेली म्हंजी ह्ये घर झालं. मग कोण उठवतंय बघू.”

म्हणून हे पत्र, छकुली. हे तुझ्या माहेरचं बोलावणं आहे. अमावास्येच्या दिवशी दोघांनी धोंडे खायला यायचं. युनूसच्या हाती पाठवतोय, पोस्टावर विसंबत नाही. डाळ-गूळ आणला आहे, मेहबूबबीने मोठं पातेलं आणखी एक दिलंय. जावईबापूंना सांग, बसायला पाट एकच आहे, तो त्यांचा. चांदीचं काही नाही, मान मात्र पूर्ण होईल. दादासो-रतनला आणि शंभू-धाकटीला मीच निरोप धाडतो, तेही जेवायला पाहुणे म्हणून. जेवण झालं की मी त्यांना सांगणार आहे, की पाळी हवी तर राहू द्या, पण माणसांची नको, दवाखान्याची घ्या. कान दादासोकडे द्या, डोळा शंभूकडे, आणि रतनच्या मदतीला तुझी आई दिवसा वस्तीवर जाईल, सांजेला इथं परत येईल. सांगताना माझी बोबडी वळेल, तेव्हा तू माझ्या शेजारी बस. हे शहाणपण आहे की म्हातारचळ, मला अजूनही ठरवता आलेलं नाही. पण एक काम कर. येताना वाटेत बारामतीला उतर आणि शंभूच्या घरून माझी वळकटी घेऊन ये. दाराआडच्या कोपऱ्यात आहे, सुतळीने बांधलेली. शंभूने विचारलं तर म्हणावं, आबांनी मागवली आहे. तुझ्या आईला हे मी सांगितलेलं नाही. पत्र युनूसच्या हाती दिलं की मग उजवीकडे जाऊन सांगेन.

वाट पाहतो आहे,
तुझाच
आबा